वात, तेल आणि मागे उरणारा गाळ

शनिशिंगणापुरात देवाला छप्पर नाही आणि घरांना दारं नाहीत, हे न गेलेल्यालाही ठाऊक असतं. पण घोडेगावहून आत वळून गावात पोचलं की आधी जाणवतं ते तेल. दुकानांच्या फळ्यांवर तेलाच्या बाटल्यांच्या रांगा, रुईच्या पानांच्या माळा, काळे उडीद, घोड्याचे नाल, काळं कापड. शनिवारी गर्दी, शनी अमावास्येला तर पाय ठेवायला जागा नाही, आणि येणाऱ्या बहुतेकांच्या हातात तेल. उघड्या चौथऱ्यावरच्या सुमारे साडेपाच फुटी काळ्या शिळेवर ते वाहायचं, ही इथली मुख्य सेवा.

त्या तेलाबद्दल देवस्थानाने अलीकडे एक नियम केला. १ मार्च २०२५ पासून शिळेवर शुद्ध, ब्रँडेड तेलच चालेल, सुटं भेसळीचं तेल नाही. कारण श्रद्धेचं नव्हतं, दगडाचं होतं. स्वस्त तेलात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे, त्याने शिळेची झीज होते ही काळजी होती. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, दुकानदारांनी माल बदलला. मला यात गंमत वाटली ती एवढीच की देवस्थानाला जे शिळेवरून कळलं, ते घराघरांतल्या बायकांना समईवरून केव्हाच कळलेलं होतं. तेल वाईट असलं की पहिली तक्रार वात करते.

वातीचं काम मुळात काय, हे एकदा नीट पाहायला हवं. आपण म्हणतो वात जळते. खरं तर जळतं तेल, आणि तेही पातळ तेल म्हणून नाही. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं, शेंड्याशी तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. तेल वर येत राहतं तोवर ते वातीला थंड ठेवतं, म्हणून कापूस जवळजवळ शाबूत राहतो, फक्त शेंडा काळा पडतो. तेल संपलं की मात्र पाचदहा मिनिटांत वात स्वतःच जळून जाते आणि घरभर तो करपट वास सुटतो.

आता यातली मेख अशी की वाफ होऊन उडून जातं ते फक्त तेल. तेलातली धूळ, चिकटा, पेंडीचे कण, रंग यांची वाफ होत नाही. तेही तंतूंबरोबर वर चढतात आणि शेंड्यापाशी अडकून बसतात. वात ही शेवटी एक गाळणी आहे, आणि कुठलीही गाळणी एक दिवस तुंबतेच. तुंबली की तेल चढत नाही, ज्योत बारीक होते, काजळी धरते, धूर सुटतो. काजळी झाडणं, शेंडा छाटणं, वात पुढे सारणं आणि शेवटी बदलणं या सगळ्या निगेचा हिशोब त्या गाळाशी आहे.

वात वळणं हे हातचं काम पाहायचं तर चातुर्मासात एखाद्या आजीच्या शेजारी बसावं. सरकी काढून पिंजलेला कापूस मांडीवर असतो. त्यातून चिमूटभर पुंजका ओढून ती बोटांनी लांबवते, तंतू एका दिशेला आणते, गाठ किंवा सरकीचं टरफल दिसलं तर नखाने उडवते. मग अंगठा आणि तर्जनी किंचित राखेत नाहीतर दुधात टेकवून पीळ देते. राख पकड देते, दूध तंतू चिकटवतं. पिळाचं माप तिला कुणी सांगितलेलं नसतं, पण चुकत नाही. पीळ घट्ट झाला तर तंतूंमधल्या फटीच मिटतात आणि तेल चढायला वाट उरत नाही. सैल राहिला तर तेल भसाभस येतं, ज्योत भडकते आणि धूर काढते. फुलवातीची तऱ्हा वेगळी. तिचं बूड पसरट, टोक उभं, आणि ती तुपात बुडवून निरांजनात ठेवायची. तूप थंडीत थिजतं, म्हणून बुडाशी भिजलेला कापूस जवळच असावा लागतो. लाखवातीचं व्रत घेतलेल्या बायका असे हजारो पुंजके वळतात. ती वळण्याची सवय म्हणजे एका प्रकारे उत्पादनाची शिस्तच होती, फक्त तिला कारखाना कुणी म्हटलं नाही.

नेवासे, शेवगाव, पाथर्डी हा भाग कापसाचाच. त्यामुळे इथे वातीला कापूस कमी पडला असं सहसा होत नाही. पण शेतातला कापूस जसाच्या तसा वातीला धरला तर एक खोच असते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. पाण्याला तो नको असतो, म्हणून कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो. तेलाला मात्र त्याची अडचण नाही. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस क्षारात उकळून, मेण काढून केलेला असतो. तो पाणी झटकन पितो. दिव्याला तोही चालतो, पण देवघरातला कापूस आणि दवाखान्यातला कापूस हे दिसायला सारखे असले तरी वेगळे जिन्नस आहेत, एवढं लक्षात असावं.

तेलांचंही तसंच. तिळाचं तेल वातीला सोयीचं, शनीलाही तेच किंवा मोहरीचं वाहतात. एरंडेल फार दाट, त्यामुळे ते सावकाश चढतं आणि मंद जळतं. खोबरेल नगरच्या पौष महिन्यातल्या पहाटे बाटलीतच गोठून बसतं. आणि हल्ली ‘फक्त दिव्यासाठी, खाण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरांत छापलेल्या स्वस्त बाटल्या मिळतात. त्यांत नेमकं काय आहे हे विचारायची वेळ आली की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

शिंगणापूरचा चौथरा उघडा आहे, ऊन-वारा-पाऊस सगळा देवावर. घरांनाही परंपरेने चौकट आहे, पण दार नाही. २०११ साली गावात आलेल्या युको बँकेच्या शाखेनेही कुलपाविना काम करायचं ठरवलं तेव्हा देशभर बातमी झाली होती. अशा वाऱ्याच्या गावात उघडी पणती किती टिकणार? वातीला वाऱ्यापासून वाचवायचं हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं मराठी मुलखातलं सर्वांत नामांकित उत्तर साताऱ्याकडे तयार झालं.

कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीत १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. त्याआधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ पासून चालू होता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला तो उद्योग, आणि तिथे तयार झालेल्या माणसांमध्ये गुरुनाथपंत ओगलेही होते. ओगल्यांच्या कारखान्यात आधी दिव्याच्या काचा झाल्या, मग विसाच्या दशकात अख्खा कंदील. नाव वडिलांचं, प्रभाकर. परदेशी कंदिलांच्या तोडीचा देशी कंदील म्हणून तो घरोघरी गेला. खेड्यात ‘प्रभाकर आण’ म्हटलं की मुलगा कंदीलच घेऊन येई, माणूस नाही.

कंदिलात वात चपटी, विणलेल्या पट्टीसारखी. ती बर्नरच्या फटीतून वर येते, आतल्या दातेरी चाकाला बाहेरची बारीक चावी जोडलेली असते. चावी फिरवली की वात वर किंवा खाली. रोज संध्याकाळी उजेड कमी व्हायच्या आत कंदील लावायची तयारी घरात ज्याच्याकडे असे, त्याला त्याचे बारकावे पाठ असत. काच आधी राखेने, मग कागदाने किंवा मऊ कापडाने पुसायची. वातीच्या वरची काळी कड कात्रीने सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित तिरपे काढायचे. कोपरे तसेच राहिले तर ज्योतीला दोन शिंगं फुटतात आणि काच एका बाजूने काळी होते. नवी वात घालताना ती आधी उन्हात खडखडीत वाळवायची. ओल राहिली तर रॉकेल चढत नाही. मग टाकी भरून थोडा वेळ थांबायचं, वात वरपर्यंत भिजू द्यायची आणि मगच काडी लावायची. घाई केली तर पहिल्याच संध्याकाळी नव्या वातीचा शेंडा करपतो आणि ती जन्मभर तशीच जळते. रॉकेलमध्ये पाणी असलं तर ज्योत तडतडते, हे कानानेच कळायचं. रेशनच्या दुकानातून आलेल्या डब्याची परीक्षा त्या तडतडीवर होई.

मेणबत्तीच्या बाबतीत हे छाटणं एका फ्रेंच माणसाने संपवलं. कांबासेरेस याने १८२५ साली वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळताना बाहेरच्या बाजूला वाकते, शेंडा ज्योतीच्या कडेला जाऊन हवेत जळून जातो. त्याआधी मोठ्या घरांत मेणबत्त्यांचे शेंडे कातरायला खास कात्री असे. आपल्या समईला मात्र तो शोध लागू पडत नाही. तिथे वात आडवी असते आणि ती पुढे सारायला माणूसच लागतो.

रॉकेलच्या स्टोव्हला अशा वातींची अख्खी फौज लागायची. सत्तरच्या दशकात इंडियन ऑइलच्या फरीदाबादच्या संशोधन केंद्रातून ‘नूतन’ स्टोव्ह आला आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत स्थिरावला. त्याच्या वाती बदलणं हा रविवारचा उद्योग. एकेक नळीतून एकेक वात ओवायची, सगळ्यांची उंची सारखी करायची. एक वात जरी उंच राहिली तरी भांड्याचं बूड एका कडेला काळंकुट्ट. उज्ज्वला योजना आणि गॅस यांनी हे सगळं अडगळीत टाकलं, आणि त्याबद्दल हळहळ वाटून घ्यायचं मला तरी कारण दिसत नाही. रॉकेलच्या धुराने कुणाचं भलं झालं नाही.

पण वात संपली असं समजू नका. गेल्या वीस वर्षांत ती अगदी वेगळ्या जागी परतली. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणली. तिचा हौशी लोकांचा प्रकार असा की आतला भाग उघडून स्वतः बांधता येतो. तीन मिलिमीटरच्या सळईवर बारीक तारेचे पाचसहा वेढे घ्यायचे, त्यातून कापसाची वात ओवायची, दोन्ही टोकं द्रवाच्या टाकीत सोडायची. तार बहुधा कँथलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, जी विजेच्या शेगड्यांमध्येही असते. बॅटरीने तार तापते आणि वातीतल्या द्रवाची वाफ होते. ज्योत नाही एवढाच फरक.

आणि निगा? ती अक्षरशः आजीची. कापूस घट्ट कोंबला तर द्रव चढत नाही आणि पहिल्याच झुरक्याला करपट चव येते. सैल ठेवला तर गळतो. नवी वात घातली की पाच मिनिटं भिजू द्यायची. द्रवातल्या गोड चवीची साखरेसारखी द्रव्यं तारेवर जळून काळा थर बसवतात. मग कापूस काढून तार कोरडी लालसर होईतो तापवायची, गार झाल्यावर पाण्याने धुऊन, ब्रशने घासून नवा कापूस. कापूस काही दिवसांचा, तार काही आठवड्यांची. ग्लिसरीन जास्त असलेला द्रव एरंडेलासारखा दाट, तो सावकाश चढतो. सगळं तेच. फरक पडतो तो पुढे, कारण समईची काजळी कोनाड्यात बसते आणि इथली छातीत जाते. वात कोरडी पडली की तापलेल्या तारेपाशी फॉर्मल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं वाढतात, तारेतल्या धातूंचे अंश वाफेत उतरतात, आणि निकोटिनची सवय ती वेगळीच. भारताने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला आणि त्याच वर्षअखेर कायदा करून या उपकरणाचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद केलं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी शहरांतल्या टपऱ्यांवर ते लपूनछपून मिळतं, आणि कायद्यापुढे पळणाऱ्या मालाची शुद्धता तपासणारं कुणी नसतं. गाळ कसला, हे ओढणाऱ्यालाच शेवटी कळतं.

आता देवघरातल्या वातीकडे परत यायचं तर ती हातची फार थोड्या घरांत उरली आहे. तयार फुलवातींची पाकिटं सगळीकडे. गावोगावच्या बचत गटांना आणि एकट्यादुकट्या बायकांना वाती बनवायचं यंत्र घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ, अशा जाहिराती दिसतात. यंत्र विकून झाल्यावर माल घेणारा भेटत नाही, अशा तक्रारी या धंद्यात नव्या नाहीत. खरा धंदा करणाऱ्या गटांनाही अडचण येते ती किमतीची. हाताने पिंजलेल्या, नीट पीळ दिलेल्या वातीचा भाव आणि यंत्राच्या पाकिटाचा भाव यांत गिऱ्हाईक दुसरंच उचलतं.

त्या पाकिटांत कधीकधी कापसाबरोबर पॉलिस्टरचे तंतू मिसळलेले निघतात, आणि अशी वात तेल नीट ओढत नाही, वर वितळून चिकट गोळा धरते. ओळखायचं सोपं आहे. पाकिटातली एक वात मोडून चिमूटभर तंतू काडीला धरायचे. कापूस असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरली जाईल अशी करडी राख राहते. पॉलिस्टर असेल तर तंतू आकसतो, वितळतो आणि त्याचा कडक काळा मणी होतो. तेवढं करून मग पाकीट घ्यावं. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, पण अडवत नाही.