एसीतून पाणी गळतंय? आधी पाइपचं टोक बघा

काल शेजारच्या काकूंचा फोन आला, "अरे, एसीतून भिंतीवर पाणी येतंय, गॅस संपला वाटतं." गॅस ठीक होता. बाहेर ड्रेन पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं होतं, बस्स!

थंड कॉइलवर हवेतली वाफ जमून पाणी होतं, ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि पाइपातून उताराने बाहेर जातं. स्प्लिट एसीत याला सहसा पंप नसतो. त्यामुळे टोक पाण्यात बुडालं किंवा पाइप मध्येच वर उचलला गेला, की हवा अडकते, ट्रे भरतो आणि पाणी घरात येतं. पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, हवा दमट म्हणून पाणीही जास्त.

पाइप सरळ असूनही गळतंय? मग आत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचला असणार. एमसीबी बंद करा. बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून गाळ खेचून घ्या. तिथून फुंकर मारू नका, घाण उलटी ट्रेमध्ये जाते. मग ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओता. बाहेर सलग धार आली की काम झालं.

कॉइलवर बर्फ दिसला तर मात्र प्रकरण वेगळं. एसी बंद ठेवून बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा. तरी पुन्हा बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो, तेव्हा मेकॅनिकच बोलवा. नुसता 'गॅस भरतो' म्हणाला तर आधी लीकेज कुठंय ते विचारा.

तुमच्याकडे नेमकं कुठून गळतंय? फोटो टाका, बघू.