पुराची बोट गाड्यावर कशी बसवावी?



गळीत आटोपलं की उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात आणि नदीकाठी एकच विचारणा सुरू होते, "औंदा पाणी येतंय का?" 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णा-वारणेनं काय केलं, ते काठच्या माणसाला सांगायला नको. काही गावांत आता फायबरची बोट आहे. ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, याचा विचार मात्र होत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये आम्हीही केला नव्हता. उसाच्या ट्रॉलीत दोन जुने टायर टाकले, वर बोट ठेवली, दोरानं आवळली आणि निघालो. तळ पुढंमागं टेकलेला, मध्ये अधांतरी; त्यात रस्त्याचे खड्डे. पाण्यात उतरवली तर तळातनं पाणी आत! चीर करंगळीएवढीच, पण पलीकडच्या वस्तीवर बायकापोरं वाट बघत होती. गोणपाट कोंबून, डबड्यानं पाणी उपसत खेपा केल्या. त्याच महिन्यात 8 तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ते ऐकल्यावर आपण काय धाडस केलं, याचा घाम फुटला.

पुढं बोटीसाठी दोन चाकांचा गाडा करून घेतला. बोट तोलून धरतात त्या दोन लांब फळ्या. फळ्यांवर कार्पेट ठोकावं, खिळ्याचं डोकं वर राहता कामा नये. तळाला आतून जिथं मजबुतीच्या पट्ट्या असतात, बरोबर त्याखाली फळ्या याव्यात. आणि बोटीची मागची बाजू, जिथं इंजिन लटकतं, ती फळीच्या टोकापर्यंत टेकलेलीच हवी. वीतभर जरी बाहेर लोंबली, तरी इंजिनाच्या भारानं तळ हळूहळू वाकतो.

तोलाचं गणित बैलगाडीचंच. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, पुढं आला की बैलाच्या मानेवर बसतो. बोट, इंजिन, गाडा मिळून 600 किलो असेल, तर दांडीच्या टोकावर 45 ते 60 किलो यावेत. धान्याच्या काट्यावर दांडी टेकवून बघा. कमी भरलं तर विंचचा खांब पुढं सरकवून बोट पुढं घ्या. दांडी हलकी राहिली की वेगात गाडा शेपटीसारखा हलतो, जीप सावरत नाही. पुढं विंचचा पट्टा आहे म्हणून मागं बांधायचा आळस करू नये. मागं दोन्ही बाजूंना पट्टे हवेतच.

पाण्यातून बोट चढवताना गाडा पार बुडवू नका. फळ्यांचा दोन-तृतीयांश भाग पाण्यात पुरे. जास्त खोल नेला तर बोट वर तरंगत राहते आणि बाहेर ओढताना तिरकी बसते. उतरवतानाही मागचे पट्टे आधी सोडा, विंचचा पट्टा बोट पाण्याला लागेपर्यंत नाही. लांबून आलात तर चाकाचे हब थोडे निवू द्या. तापलेला हब गार पाण्यात गेला की पाणी आत ओढतो आणि बेअरिंग जातं.

राहिलं बूच. गाड्यावर उभी असताना बोटीचं बूच काढलेलं असावं, नाहीतर पावसाचं पाणी साठतं. 200 लिटर म्हणजे 200 किलो, सगळा तोल बिघडला! आणि उतरवताना ते हमखास विसरतं. आम्ही ते सुतळीनं विंचच्या दांड्यालाच बांधून ठेवतो. दांड्याला हात घातला की आधी बूच हातात येतं.