काचेच्या पेटीतले गप्पी मासे

गप्पी मासा तुम्ही पाहिला आहे काय? बहुधा पाहिला असेलच. आरोग्य खात्याची माणसे गावात येतात. हौदांत, डबक्यांत हे मासे सोडतात. डासांच्या अळ्या हे मासे गट्ट करतात. त्यामुळे हिवतापाला आळा बसतो.

हा मासा आहे केवढा? बोटाच्या एक-दोन पेरांएवढा. मादी मोठी, पण रंगाने साधी. नर लहान, पण भारी ऐटबाज. त्याची शेपटी लाल, पिवळी, निळी, नाना रंगांची. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो उबदार मुलूख. म्हणून आपली हवा त्याला मानवते. आपल्या विहिरींचे जड पाणीही त्याला चालते. स्वभावाने तर अगदी गरीब. कोणाच्या वाटेला जात नाही.

असे मासे घरी काचेच्या पेटीत पाळता येतात. लहानथोरांना मौज वाटते. पण मासे पाळणे म्हणजे जीव सांभाळणे आहे. ते कसे सांभाळावेत हे आम्ही आधी चूक करून शिकलो. ती चूकच आधी सांगतो.

आमची चूक

आम्ही मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत एक काचेची पेटी आणली. नळाचे पाणी भरले. लगेच वीस गप्पी मासे सोडले. मुले खूश झाली. जो तो आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा पेटीत टाकी. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले. आम्ही सगळे पाणी ओतून दिले. वाळू नळाखाली खळखळून धुतली. पुन्हा नळाचे ताजे पाणी भरले. पाणी कसे आरशासारखे दिसू लागले! आम्हाला समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडली. मासे पाण्यावर तोंडे काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत चौदा मासे मेले. तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पाणी तर किती स्वच्छ आहे! मग मासे मेले कशानं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सगळ्या वर्गासमोर आम्ही गप्प उभे राहिलो.

उरलेले सहा मासे आम्ही विहिरीच्या पाण्याच्या टोपात ठेवले. रविवारी तालुक्याला गेलो. तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ होते. त्यांना सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, पाणी दिसायला स्वच्छ होतं. पण माशांना ते विषच होतं." मग त्यांनी आम्हाला नीट समजावून दिले.

न दिसणारे विष

तुम्ही पहाटे गोठ्यात जाता. नाकाला झोंबणारा वास येतो ना? तो अमोनियाचा वास. जनावरांच्या मुतापासून तो तयार होतो. मासेही पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून, आणि कुजणाऱ्या अन्नातूनही, पाण्यात अमोनिया होतो. तो डोळ्याला दिसत नाही. पण त्याने माशांचे कल्ले जळतात. मग मासा धापा टाकतो आणि मरतो.

नदीत मग मासे कसे जगतात? नदीचे पाणी पुष्कळ. शिवाय तिथे सूक्ष्म जंतू असतात. सगळेच जंतू वाईट नसतात, बरं का! काही उपकारी असतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते थोडे असले तर माशांना बाधत नाही. उलट झाडांना ते खतासारखे असते. आपल्या शेतातल्या मातीतही हेच काम रात्रंदिवस चालते.

हे जंतू वाळूवर, दगडांवर वाढतात. नव्या पेटीत ते नसतात. पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले. वाळू धुतली, तेव्हा थोडे जंतू वाढू लागले होते तेही गेले.

आणखी एक. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते. ती आपल्या हिताची. तिने रोगाचे जंतू मरतात. पण त्यातल्या क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात, आणि उपकारी जंतूही मरतात.

मग पेटी कशी लावावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घ्यावी. तिच्यात सुमारे ४५ लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन ६० किलोच्या वर जाते. म्हणून टेबल भक्कम हवे. पेटीवर ऊन येऊ देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि हिरवे होते.

तळाशी दोन बोटे धुतलेली वाळू पसरावी. थोड्या पाणवनस्पती लावाव्यात. त्या अमोनिया शोषतात आणि पिलांना आडोसा देतात. हवेचा लहान पंप आणि त्याला स्पंज लावला तर उत्तम. उपकारी जंतू त्या स्पंजातही राहतात.

नळाचे पाणी एक दिवस-रात्र उघड्या पसरट भांड्यात ठेवावे. मगच वापरावे. भांडे तांब्याचे नको. पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषारी असते. साबण लागलेली बादलीही नको.

ओळखीच्या कोणाकडे जुनी पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू मागून आणावी. दुधाला जसे विरजण, तशी ही वाळू. जंतू लवकर वाढतात.

आरंभी चार-पाचच मासे सोडावेत. एका नरामागे दोन माद्या ठेवाव्यात. महिना-दीड महिना थांबावे. मगच थोडे थोडे वाढवावेत. गप्पी मासा अंडी घालत नाही, जिवंत पिले देतो. सुमारे चार आठवड्यांनी एक मादी वीस-तीस पिलेही देते. मोठे मासे काही पिले खातात. तरी पेटीत दाटी होतेच. म्हणून पिले नको असतील त्यांनी नुसते नर पाळावेत. मरळीचे पिलू मात्र या पेटीत कधी सोडू नये. ते साऱ्यांना फस्त करील.

खाणे चिमूटभरच द्यावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. भाकरी, भात टाकू नये. मासे उपासाने क्वचित मरतात. उरलेल्या अन्नानेच जास्त मरतात.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढावे. तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. काढलेले पाणी तुळशीला घालावे. तिला ते खतच. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे.

आणि मासे जास्त झाले म्हणून ओढ्यात, नदीत सोडू नका. हा परमुलखातला मासा. तिथे तो वाढला की आपल्या लहान माशांचे अन्न तोडतो, त्यांची पिले खातो. जास्तीचे मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

पुढे काय झाले?

आम्ही पेटी पुन्हा लावली. या वेळी दीड महिना धीर धरला. त्या सहा माशांची पुढे पुष्कळ पिले झाली. मग त्या मुलीला आम्ही वर्गात उभे केले आणि म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तू विचारलंस ते खरं होतं. चूक आमची होती. नुसतं स्वच्छ दिसलं म्हणजे पाणी चांगलं असतंच असं नाही."

माणसांच्या पाण्याचेही तसेच आहे. झऱ्याचे पाणी नितळ दिसते, पण त्यात रोगाचे जंतू असू शकतात. म्हणून ते उकळून किंवा पावडर टाकून प्यावे.

लक्षात ठेवा

१. मासे थोडे. खाणे थोडे.
२. नळाचे पाणी एक दिवस-रात्र उघडे ठेवा.
३. सगळे पाणी एकदम बदलू नका.
४. मासे नदी-ओढ्यात सोडू नका.
५. घाई करू नका. पेटी लागायला दीड महिना लागतो.