टक्के नेत्याचे, मत आपले

२०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला झाली आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, २६ एप्रिलला, जुम्याच्या दिवशी परभणी लोकसभेचे मतदान होते. ईदनंतरच्या भेटीगाठींत आम्ही शहरातल्या एका नात्यातल्या घरी बसलो होतो. शीरखुर्मा संपला आणि गोष्ट निवडणुकीवर आली. घरातली लेक त्या वर्षी पहिल्यांदा मतदार झाली होती. मोबाइल पुढे करत ती म्हणाली, "हे बघा खालाजान, सर्व्हे आलाय. अमक्या नेत्याला एवढे टक्के लोक पसंत करतात. निकाल तर ठरलेलाच आहे. मग उन्हात रांगेत कशाला उभं राहायचं?"

तिच्या नानीने विचारले, "हे टक्के काढले कुणी? आपल्याला तर कुणी विचारायला आलं नाही."

नानी शाळेत फारशी गेलेली नाही. पण प्रश्न तिने नेमका विचारला होता.

शितावरून भाताची परीक्षा

नेत्याच्या कामावर लोक समाधानी आहेत की नाहीत, हे टक्क्यांत मोजायची रीत अमेरिकेतली. तिथे जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेने १९३० च्या दशकात राष्ट्राध्यक्षांबद्दल असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. खासदार-आमदार निवडतात. म्हणून आपल्याकडचे सर्व्हे पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांच्या लोकप्रियतेवर होतात.

सर्व्हे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण देगीतली बिर्याणी आपण जाणतो. वरचाच थर चाखला तर तळाचा तांदूळ शिजला की करपला, ते कळत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाचे असेच झाले. त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त लोकांची उत्तरे आली होती आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट हरणार असे सांगितले. पण यादी मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाडी असणाऱ्यांची होती, म्हणजे वरच्या थराची. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारले होते, पण सगळ्या थरांतले लोक निवडले होते. त्यांचा अंदाज खरा ठरला.

आता हिशेब आपल्या जिल्ह्याचा करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख आणि परभणी जिल्ह्याची सुमारे १८ लाख ३६ हजार. राज्यभरात हजार माणसांना विचारले, तर परभणीच्या वाट्याला सोळा माणसे येतात. त्यात आपल्या समाजाची दोन-तीन. साऱ्या देशात हजार जणांना विचारले, तर अख्ख्या जिल्ह्यातून एक-दोन. नानीला कुणी विचारायला आले नाही, यात नवल नाही. नीट केलेला सर्व्हे खोटा नसतो. तो देशाचा किंवा राज्याचा कल सांगतो. परभणीत काय होणार, हे तो सांगत नाही.

शिवाय हा आकडा टिकत नाही. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जॉर्ज बुश यांच्यावर ९० टक्के अमेरिकन खूश होते. २००८ च्या अखेरीस तोच आकडा २५ च्या आसपास आला.

एक जिल्हा, सात महिने

आपल्याच जिल्ह्याचा दाखला घ्या. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेला शिवसेनेच्या ठाकरे गटाचे संजय जाधव निवडून आले. राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर एक लाख चौतीस हजारांच्या फरकाने हरले. नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. जिंतूर भाजपकडे, परभणी ठाकरे गटाकडे, पाथरी अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे आणि गंगाखेड राष्ट्रीय समाज पक्षाकडे गेले. चार जागा, चार पक्ष. सात महिन्यांत त्याच मतदारांनी उमेदवार पाहून, काम पाहून, जात-बिरादरी पाहून आणि काही ठिकाणी पैसा पाहूनही वेगवेगळे कौल दिले. हे सगळे एका आकड्यात कसे मावणार?

कोण काय देतो?

खुशी-नाराजी मोजणे सोपे आहे. ती योग्य माणसावर आहे का, हे पाहणे अवघड. त्याच घरात आम्ही विचारले, "रेशन कोण देतं?" एक म्हणाले दुकानदार, दुसरे म्हणाले नगरसेवक, तिसरे म्हणाले मोदी. घराघरांत हाच गोंधळ आहे. म्हणून थोडक्यात सांगतो.

रेशनचे माणशी पाच किलो धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने येते. धान्य केंद्राचे, पण कार्डात नाव घालणे-काढणे आणि दुकानावर देखरेख राज्याच्या पुरवठा विभागाची, म्हणजे आपल्या तहसीलची. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार केंद्राचे. त्याला जोडलेली नमो शेतकरी योजना राज्याची. जुलै २०२४ पासूनचे लाडक्या बहिणीचे दरमहा पंधराशे राज्याचे. शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते, गटार कधी उपसते, याचा जाब महानगरपालिकेला विचारायचा. खेड्यातल्या शाळेचे छत गळते, तर जिल्हा परिषदेला. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. तो आपल्या भागात कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येते.

नळाच्या पाण्याचा राग खासदारावर काढला, तर पाणी सोडणारा निवांत राहतो. आणि केंद्राच्या धान्याचे श्रेय गल्लीतला पुढारी घेऊन गेला, तर त्याने स्वतः काय केले हे विचारायचे राहूनच जाते.

घरात बसून करण्यासारखे

खबर कानावर आली की आधी तपासावी, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. सर्व्हे आला तर एवढेच विचारा: कुणी केला, किती लोकांना विचारले, कुठे आणि कधी? उत्तर नसेल, तर पुढे पाठवू नका. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर जनमत चाचणीचे निकाल दाखवायला कायद्याने बंदी आहे. त्याच वेळी मोबाइलवर आकडे फिरू लागले, तर अधिक सावध राहा.

उमेदवाराची माहिती मिळणे हा सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून आपला हक्क आहे. शिक्षण, मालमत्ता, कर्ज, गुन्ह्यांचे खटले हे सगळे त्याच्या शपथपत्रात असते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येते. यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरा. नावात चूक असेल तर नमुना ८. शेख, सय्यद, पठाण, बेगम ही नावे यादीत नाना तऱ्हांनी लिहिली जातात. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे तर माहेरीच राहून जातात. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर विचारा.

त्या दिवशी लेकीने मोबाइलवर दोन प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे शोधली. जमीन किती, गाड्या किती, खटले किती, हे ती एकेक ओळ वाचून नानीला सांगत गेली. मध्येच नानी म्हणाली, "थांब, हे पुन्हा वाच." मग घरातल्या बायकांनी आपसात बरीच चर्चा केली. पुरुषांना त्यात बोलायला फारशी जागा मिळाली नाही.

२६ तारखेला ऊन चढायच्या आत नानी आणि नात दोघी रांगेत उभ्या होत्या. मत कुणाला दिले, ते दोघींनी एकमेकींनाही सांगितलेले नाही.