राखणदाराची स्वच्छता

दत्तगुरूंच्या तसबिरीत त्यांच्या पायाशी चार कुत्री दिसतात. औदुंबरचे दत्तक्षेत्र आपल्याच पलूस तालुक्यात असल्याने ही तसबीर आपल्याला घरोघरी परिचित आहे. चित्रातल्या कुत्र्याला आपण हात जोडतो. अंगणातल्या कुत्र्याला मात्र 'घाण करतो' म्हणून हाकलतो. ही घाण म्हणजे नेमके काय? विषय लाजेचा वाटतो, म्हणूनच त्याचा विचार होत नाही.

वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या लिंगावरील कातड्यातून थोडा पिवळसर-हिरवट स्राव येतो. मृत पेशी आणि त्या जागी नेहमी असणारे जंतू यांपासून तो बनतो. थेंबभर असेल तर तो रोग नव्हे. कुत्रा चाटून ती जागा स्वच्छ ठेवतोच. आपण भोवतालचे लांब केस कापावेत, आणि गरज वाटल्यास कोमट पाण्याने बाहेरची बाजू धुऊन कोरडी करावी. साबण, फिनेल किंवा जंतुनाशक औषध तेथे कधीही लावू नये; त्याने आग होऊन कुत्रा अधिकच चाटू लागतो.

स्राव वाढला, दुर्गंधी आली, सूज दिसली किंवा कुत्रा एकसारखा चाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. रानात हिंडणाऱ्या कुत्र्याच्या कातड्यात गवताचे कुसळ अडकल्यानेही असे होते. लिंग बाहेर येऊन आत जात नसेल, तर मात्र वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे रक्त. मोकाट फिरणाऱ्या नराला समागमातून एक संसर्गजन्य गाठ होते. रोगी कुत्र्याच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजतात. रक्ताचे थेंब पडू लागले की 'उष्णता झाली' असे म्हणून लोक गप्प बसतात. वास्तविक हा रोग बहुधा बरा होतो. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शने त्यास पुरतात. हे औषध मिळते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून! परंतु सदाफुलीचा पाला विषारी आहे. तो कुत्र्यास चारण्याचा घरगुती प्रयोग कोणी करू नये.

खच्चीकरणाने हा स्राव सहसा पुष्कळ कमी होतो, मादीमागे भटकणे घटते, अंडकोषाच्या गाठीची भीती उरत नाही आणि म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढण्याचा त्रासही टळतो. जिथे तिथे टांग वर करण्याची सवय बऱ्याच कुत्र्यांत कमी होते, सर्वांत नव्हे. शस्त्रक्रिया केव्हा करावी हे जात व वय पाहून डॉक्टरांनी ठरवावे. औताच्या खोंडाला खच्ची करताना आपला शेतकरी कचरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याला ते पाप वाटते. राखण करण्याची वृत्ती त्याने जाते, ही समजूतही खरी नाही.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची शस्त्रक्रिया व लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम आहे. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. रात्रभर आपल्या दाराशी जागणाऱ्या मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते आपण पाहिले पाहिजे, आणि संकोच न करता डॉक्टरांना सांगितले पाहिजे.