विज्ञानाचं पहिलं पुस्तक कसं निवडायचं?

विज्ञान म्हटलं की आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात, "ते शिकलेल्यांचं काम, बाई." पण दूध विरजताना, पेरणीआधी गोणपाटात बी उगवून बघताना आपण विज्ञानच वापरतो. मग त्यावरचं पुस्तकही आपल्याला वाचता येईल. फक्त पहिलं पुस्तक पारखून घ्यायचं. ते जड निघालं, तर गटाच्या कपाटात पडून राहतं आणि वाचायची हौस तिथंच संपते. म्हणून गटाचे पैसे घालण्याआधी तीन गोष्टी बघा, असं आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, मधलंच एखादं पान मोठ्यानं वाचा. ऐकणारीला ते आपल्या शब्दांत शेजारणीला सांगता आलं, तर पुस्तक आपल्या कामाचं. ओळीओळीला शब्द अडला, तर ते सध्या बाजूला ठेवा. त्यात आपला कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, पुस्तक ओळखीच्या वस्तूपासून सुरू होतं का? वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 साली आलं, ते आजही वाचलं जातं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेत गुलामीत जन्मलेला शास्त्रज्ञ. सारखा कापूस घेऊन तिथल्या जमिनी थकल्या होत्या. त्यानं शेतकऱ्यांना पीक बदलून भुईमूग, रताळी लावायला सांगितलं. गोष्ट एका माणसाची, पण विज्ञान आपल्या शेतातलं.

तिसरी गोष्ट, पुस्तक 'का' ते सांगतं का? भुईमुगानं जमीन सुधारते, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. हे पडताळता येतं. फुलावर आलेलं एक रोप मातीसकट अलगद काढा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर समजा की गाठींचं काम चालू आहे.

एकाच औषधानं सगळे रोग बरे होतात, असं सांगणारं पुस्तक मात्र घेऊ नका. कव्हरवर 'वैज्ञानिक' छापलेलं असलं, तरी त्यात पैसाही जातो आणि जीवही धोक्यात येतो. छापलेलं सगळंच खरं नसतं. पीनट बटर कार्व्हरनं शोधलं, असं अनेक ठिकाणी लिहितात. प्रत्यक्षात ते त्याच्या आधीपासून होतं. म्हणून शंका आली, तर दुसरं पुस्तकही बघावं.

विकत घेण्याआधी गावच्या वाचनालयात विचारा. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मुलांसाठीची विज्ञानाची मराठी पुस्तकं मोफत मिळतात, ती मोबाइलवर उघडता येतात. मुलांची पुस्तकं वाचायला लाजायचं कशाला? सुरुवात करायला तीच बरी.

बचतीची बैठक उरकली की दहा मिनिटं राखून ठेवा. जिला वाचता येतं, तिनं वाचावं. बाकीच्यांनी ऐकावं आणि प्रश्न विचारावेत. अडलेला प्रश्न आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.