घर सोबत घेऊन यलोस्टोनला : आरव्हीची कौटुंबिक सहल कशी आखावी

मंडळाच्या कोजागिरीला आम्ही अमेरिकेतल्या सहलीचे फोटो दाखवले, तेव्हापासून विचारणा चालूच आहे. गाडी कुठली घेतली, स्वयंपाक खरंच गाडीतच केला का, संडासाचं काय, आणि या वयात झेपतं का? आपल्या इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांतला मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे. आई-वडील दोन-चार महिन्यांसाठी जातात आणि एखाद्या रविवारी 'आईबाबांना कुठे न्यायचं' ही चर्चा सुरू होते. म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहोत. आम्ही सहा जण होतो : आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं, वय नऊ आणि सहा. २०२५ चा ऑगस्ट, नऊ दिवस, आठ रात्री, सुमारे ९०० मैल.

आधी आरव्ही म्हणजे काय ते सांगतो. चाकांवरचं घरच ते : आत बिछाने, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, संडास, शॉवर. तिकडे भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांचे मुख्य तीन प्रकार. 'क्लास ए' म्हणजे अख्खी बसच. 'क्लास बी' म्हणजे उंच व्हॅन, दोघांपुरती. 'क्लास सी' मधली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा एक बिछाना असतो. कुटुंबाला बहुधा हीच सोयीची पडते. आमची २५ फुटांची होती. पोटमाळ्यावर नातवंडांनी पहिल्याच मिनिटाला हक्क सांगितला.

गाडी निवडताना बिछाने मोजू नका, सीटबेल्ट मोजा. 'सहा जण झोपू शकतात' असं लिहिलेल्या गाडीत बेल्टच्या जागा पाचच असू शकतात. गाडी चालू असताना कुणी बिछान्यावर लोळायचं नाही, ओट्याशी उभं राहायचं नाही. लहान मुलांची सीट नीट बसते का, तेही गाडी ताब्यात घेण्याआधी पाहावं. भाडं ठरवताना नुसता रोजचा दर पाहून चालत नाही. मैलांचे पैसे, जनरेटरचे तासाचे पैसे, अंथरूण-भांड्यांच्या संचाचे पैसे, विमा, शेवटच्या सफाईचे पैसे असं एकेक जोडत गेलं की खरा आकडा कळतो. पेट्रोलचंही तसंच. अशी गाडी गॅलनला आठ ते दहा मैल जाते, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. आमचं सुमारे ३८० लिटर पेट्रोल गेलं. ते मारुतीवाल्या मनाला ऐकवत नाही, पण हिशेबात आधीच धरलं तर वाटेत तोंडं पडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, मुक्कामाची. सहल आखताना आधी रस्ता नव्हे, रात्री ठरवायच्या. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान मानलं जातं, १८७२ सालचं. विस्तार जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटर. आतल्या मुख्य रस्त्याला इंग्रजी आठाचा आकार आहे आणि तो पुरा १४२ मैलांचा आहे. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल. त्यात रानगव्यांचा, म्हणजे बायसनचा, कळप आडवा आला की तासभर सुटका नाही. त्यामुळे बाहेर हॉटेल घेऊन रोज आत-बाहेर करण्यात निम्मा दिवस जातो. आत मुक्काम मिळाला तर पहाटेचं आणि संध्याकाळचं रान आपलं. पण आतल्या जागांचं आरक्षण कित्येक महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा भराभर संपतात. ऑगस्टला जायचं तर आदल्या दिवाळीच्या सुमारास मुलांना आठवण करून द्यावी.

आमचा क्रम असा होता. सॉल्ट लेक सिटीला गाडी घेतली आणि पहिली रात्र २१० मैलांवर आयडाहो फॉल्सला. दुसऱ्या दिवशी पश्चिम दरवाजातून यलोस्टोनमध्ये. मॅडिसनला दोन रात्री. पुढे सरोवराकाठी फिशिंग ब्रिजला दोन. मग दक्षिणेला ग्रँड टीटन उद्यानात कोल्टर बेला दोन. शेवटची रात्र लोगन गावात, सॉल्ट लेक सिटीपासून ८० मैलांवर. ही शेवटची रात्र आम्ही मुद्दाम शहराजवळ ठेवली. गाडी बहुधा सकाळीच परत करायची असते, त्याआधी टाक्या रिकाम्या करायच्या, पेट्रोल भरायचं, पसारा आवरायचा. ३०० मैल दूर झोपून हे होत नाही.

या क्रमात आमची एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

ह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. गेली सहा वर्षं रात्री सीपॅप मशीन लावून झोपतात. मशीन बरोबर होतंच. आरव्हीत वीज असतेच, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. पण कॅम्पग्राउंड दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत प्रत्येक जागेवर खांबाला विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं तोंड असतं. तिकडे याला 'फुल हुकअप' म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत यातलं काहीच नसतं. झाडी, टेबल, शेकोटीची जागा आणि शांतता. यलोस्टोनच्या बारा कॅम्पग्राउंडांपैकी फुल हुकअप फक्त एकात आहे, फिशिंग ब्रिजला. मॅडिसनला नाही. तिथे गाडीच्या आतली वीज बॅटरीवर चालते. त्यावर दिवे लागतात, नळाचा पंप चालतो, पण भिंतीतले प्लग जनरेटर सुरू केल्याशिवाय सहसा चालत नाहीत. आणि रात्री जनरेटर लावायला मनाई असते. शेजारच्यांची झोपमोड होते.

सूनबाईने बारा व्होल्टवर चालणारा मशीनचा अडॅप्टर आणला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. रात्री थंडी वाढली तशी गाडीची हीटर सुरू केली. हीटर चालते गॅसवर, पण तिचा पंखा बॅटरी खातो. पहाटे तीनच्या सुमारास पंखा बंद, दिवे बंद, मशीन बंद. ह्यांना धडपडून जाग आली. घामेघूम, तोंड कोरडं, काही क्षण कुठे आहोत तेच कळेना. बाहेर पडावं तर अस्वलांचा मुलूख, मोबाइलला रेंज नाही. उरलेली रात्र मुलगा बापाच्या पाठीशी उशा लावून बसून राहिला. झालं काही नाही, पण आम्हाला दोघांनाही मुलाचा तो चेहरा अजून आठवतो. त्यानेच हौसेने सगळी सहल आखली होती.

दुसऱ्या रात्री आम्ही शहाणे झालो. दिवसा परवानगीच्या वेळात जनरेटर चालवून बॅटरी पूर्ण भरली. मशीनमधला वाफेचा भाग बंद ठेवला. सगळ्यात जास्त वीज तोच खातो. हीटर निजण्यापूर्वी अर्धा तास लावून बंद केली आणि इंदुरहून नातीसाठी नेलेली गोधडी आजोबांच्या अंगावर आली. मशीन सकाळपर्यंत चाललं. तरीही सांगतो, रात्री विजेवरचं यंत्र लागणारं माणूस बरोबर असेल तर प्रत्येक रात्र हुकअपचीच घ्या, नाहीतर मशीनची स्वतंत्र बॅटरी बरोबर ठेवा. कॅम्पग्राउंडचं नाव सुंदर आहे की नदी जवळ आहे, हे नंतर.

दुसरी गोष्ट उंचीची. फिशिंग ब्रिजजवळचं सरोवर ७,७३३ फुटांवर आहे, शिमल्याहूनही उंच. पहिले दोन दिवस जिन्याच्या चार पायऱ्या चढलं तरी धाप लागते. म्हणून पहिली रात्र खाली काढावी, पाणी भरपूर प्यावं, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. प्रवासाच्या वैद्यकीय विम्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते बारीक अक्षरांसकट वाचा. यलोस्टोनच्या आत मॅमथ, लेक आणि ओल्ड फेथफुल इथे दवाखाने आहेत, त्यातला मॅमथचाच वर्षभर चालतो. ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याजवळ येऊ शकतो. स्वेटर 'लागला तर' म्हणून नव्हे, लागणारच म्हणून घ्या.

उंचीचा संबंध डाळीशीही आहे. तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी बोटचेपीच राहते. तीन लिटरचा कुकर नेला होता, त्याने लाज राखली. आमचा मेनू साधा : सकाळी पोहे, दुपारी दशम्या आणि चटणी, रात्री खिचडी किंवा पिठलं-भात. मेतकूट, भाजणी आणि शेव इथूनच नेली होती. विमानतळावर खाद्यपदार्थ असल्याचं फॉर्ममध्ये किंवा अधिकाऱ्याला सांगून टाकावं, लपवू नये. ताजी फळं आणि भाज्या मात्र नेऊच नयेत. फोडणी देताना वरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पग्राउंडला जागं करतो. आमचा दोनदा वाजला.

वासाचं एक गंभीर कारणही आहे. फिशिंग ब्रिजचा परिसर ग्रिझली अस्वलांचा. तिथे तंबू लावूच देत नाहीत, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. खरकटी भांडी, तेलाची बाटली, फळांची साल, अगदी टूथपेस्टसुद्धा बाहेर टेबलावर ठेवायची नाही. अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, बाकी जनावरांपासून २५ यार्ड अंतर ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे कान्ह्याला किंवा सातपुड्याला जिप्सी, ड्रायव्हर आणि गाइड असतो, तो आपल्याला आवरतो. इथे गाडी आपली, म्हणून शहाणपणही आपलंच. बायसन गायीसारखा संथ दिसतो, पण ताशी ५५ किलोमीटर पळू शकतो. गरम झऱ्यांजवळ लाकडी पायवाट सोडायची नाही. बाजूची जमीन पापुद्र्यासारखी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. नातवंडांचे हात आम्ही तिथे एकदाही सोडले नाहीत.

आता तो न विचारला जाणारा, पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न. गाडीत तीन टाक्या असतात : ताज्या पाण्याची, अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, आणि संडासाची. आमच्या ताज्या पाण्याच्या टाकीत १५० लिटर मावत. बादलीभर अंघोळ करणारे सहा जण असले तर ते एका दिवसाचंही काम नाही. शॉवरमध्ये पाणी सुरू, बंद, साबण, पुन्हा सुरू, असं करावं लागतं. मग वापरायला हरकत नाही, फक्त ते पाणीही त्याच टाकीत जातं हे ध्यानात ठेवावं. दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी पाइप जोडून टाक्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग अंघोळीची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे घालून पाच-दहा मिनिटांचं काम. मुलगा पहिल्यांदा नाक दाबून गेला, तिसऱ्यांदा गाणं म्हणत परत आला.

रस्त्याबद्दल थोडक्यात. गाडीची उंची कागदावर फुटांत लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत आणि झाडांच्या फांद्या अडवतात. मोबाइलचा नकाशा सांगेल तो वेळ सव्वापट धरा. तो नकाशा साध्या मोटारीचा आहे, हे विसरू नका. ग्रँड टीटनमधला मूस-विल्सन रस्ता आरव्हीला बंद आहे आणि जॅक्सनजवळचा टीटन घाट फार तीव्र उताराचा आहे, तो टाळलेला बरा. ग्लेशियर उद्यानाच्या प्रसिद्ध घाटरस्त्यावर तर २१ फुटांहून लांब गाडीला मधल्या टप्प्यात सोडतच नाहीत. यलोस्टोनमध्ये फिरती बससेवा नाही, आणि मोठ्या गाडीला पार्किंग सकाळी नऊच्या आत मिळालं तर मिळालं. आम्ही साडेसहाला निघायचो आणि ओल्ड फेथफुलच्या वाहनतळावर गाडीतच पोहे करायचो. तो फवारा साधारण दीड तासाने उडतो, पुढची अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते. चहा पिऊन जागा धरायला पुरेसा वेळ मिळतो.

प्रवेशशुल्कात मोठा बदल झाला आहे. आम्ही गेलो तेव्हा एका उद्यानाला गाडीमागे ३५ डॉलर आणि वर्षाचा पास ८० डॉलर होता. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी वर्षाचा पास २५० डॉलरचा झाला असून तो नसेल तर यलोस्टोन आणि ग्रँड टीटनसह ११ उद्यानांत सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. आपण दोघे म्हणजे पाहुणेच. उद्यानं एकाहून जास्त असतील तर आधी हिशेब करा आणि निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहा.

सामान कापडी पिशव्यांतून न्यावं. चाकांच्या टणक बॅगा ठेवायला गाडीत जागाच नसते; आमच्या दोन शेवटी शॉवरमध्ये उभ्या होत्या आणि रोज अंघोळीआधी बाहेर काढाव्या लागत. सीपॅपचं मशीन मात्र आता नेहमी हातातल्याच पिशवीत असतं, शेजारी त्याची स्वतंत्र बॅटरी. मुलाने ती परत जाताच मागवली, पुढच्या वेळेसाठी. पुढच्या वेळी कुठे, ते अजून ठरलेलं नाही. नातू अस्वल दिसलं नाही म्हणून रुसला आहे.